कावेरी कुठे अडली? टेस्ट सेलमधल्या माणसाचं उत्तर

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय: "काका, आपण चंद्रावर यान उतरवलं, मग लढाऊ विमानाचं इंजिन का जमत नाही? कावेरी फसली म्हणजे नेमकं काय झालं? आणि अमेरिका आता अ‍ॅडॅप्टिव्ह इंजिनं (उड्डाणाप्रमाणे स्वतःत बदल करणारी) करतेय, तर मधली पायरी गाळून आपण थेट तिकडेच का जाऊ नये? मी यात पडायचं ठरवलं तर काय शिकू?"

माझी बहुतेक नोकरी सांताक्रूझला प्रवासी विमानांची इंजिनं उघडण्यात, जोडण्यात आणि टेस्ट सेलमध्ये (इंजिन बांधून चालवायच्या बंद खोलीत) चालवून बघण्यात गेली. आता ठाणे-अंबरनाथकडच्या लहान कारखान्यांना इंजिनाच्या भागांच्या मशिनिंगबद्दल सल्ला देतो. कावेरी म्हणजे तेजस लढाऊ विमानासाठी आपण आखलेलं इंजिन; तिच्यावर मी स्वतः काम केलेलं नाही. तिच्याबद्दलचे आकडे संसदेत, कॅगच्या अहवालात आणि वर्तमानपत्रांत आलेले आहेत तेच देतोय. मतं मात्र माझी.

चंद्राचं आधी संपवतो. आपल्या रॉकेटांचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतं आणि ते उत्तम इंजिन आहे यात वादच नाही. पण ते उड्डाणात काही मिनिटं जळतं आणि समुद्रात पडतं. क्रायोजेनिक इंजिनही जेमतेम दहा-अकरा मिनिटं चालतं. रॉकेट स्वतःचा ऑक्सिडायझर बरोबर नेतं, त्यामुळे बाहेरची हवा कशी आहे याच्याशी त्याच्या इंजिनाला फारसं देणंघेणं नसतं. लढाऊ विमानाचं इंजिन बाहेरची हवा ओढतं, तीही विमान उलटं असो, वळणात असो, समोरच्या क्षेपणास्त्राच्या धुरातून जात असो. पायलट थ्रॉटल आयडलवरून काही सेकंदांत पूर्ण आफ्टरबर्नरवर (मागच्या झोतात जादा इंधन जाळून मिळणाऱ्या जोरावर) नेतो, परत खेचतो, पुन्हा ढकलतो. प्रत्येक वेळी धातू तापतो, फुगतो, थंड होतो, आकसतो. हे हजारो वेळा झालं तरी पातं तुटता कामा नये, शिवाय इंजिनाचं वजन वाढता कामा नये. रॉकेट सोपं असतं असं मी म्हणत नाही. ती वेगळी परीक्षा आहे, एवढंच.

टर्बाइनच्या पात्यावर काय बेततं ते वहीत मांडून बघ. पातं शंभर ग्रॅमचं धर, त्रिज्या पाव मीटर, मिनिटाला १५,००० फेरे. तुमच्या पहिल्या वर्षातलंच सूत्र आहे: वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. उत्तर साधारण ६२,००० न्यूटन येईल. म्हणजे शंभर ग्रॅमच्या तुकड्याला सहा टनांहून अधिक ओढ, आणि ती अशा वायूच्या झोतात की ज्याचं तापमान पात्याच्या मिश्रधातूच्या वितळबिंदूहून शेकडो अंशांनी जास्त आहे. पातं वितळत नाही, कारण ते आतून पोकळ असतं, कॉम्प्रेसरमधली (पुढून आलेली हवा दाबणाऱ्या भागातली) हवा त्यातून फिरते आणि बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पृष्ठभागावर थंड हवेचा पातळ थर धरते. वरून सिरॅमिकचा लेप. आणि धातू हळूहळू ताणला जाऊ नये म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. स्फटिकांमधल्या सीमारेषा नसल्या की ताण घेऊन सरकायला जागा उरत नाही. हैदराबादच्या डीएमआरएल या डीआरडीओच्या धातू-प्रयोगशाळेने अशी पाती केली आहेत. हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती २०२१ मध्ये एचएएलला दिली. तेव्हा "आपल्याकडे सिंगल क्रिस्टल नाही" हे वाक्य आता जुनं झालं. लहान पात्यापासून मोठ्या लढाऊ इंजिनाच्या पात्यापर्यंतचं अंतर मात्र बरंच आहे.

लोक सगळा दोष या धातुशास्त्रावर टाकून मोकळे होतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

इंजिनातली कठीण दुखणी एका भागात सापडत नाहीत, भाग एकत्र चालताना सापडतात. कॉम्प्रेसरचंच घे. तो हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे ढकलत असतो, म्हणजे तिच्या मर्जीविरुद्ध. दादरला सायंकाळी भरलेल्या डब्यात मागचे लोक रेटत असतात तोवर गर्दी आत सरकते. पुढे जागा उरली नाही आणि रेटा क्षणभर सैल पडला की सगळा लोंढा दारातून उलटा बाहेर येतो. कॉम्प्रेसरमध्ये हे घडतं त्याला सर्ज म्हणतात. तोफ उडाल्यासारखा आवाज होतो, कधी कधी पुढून ज्वाळा येते. प्रवासी विमानाच्या इंजिनाचा सर्ज मी टेस्ट सेलच्या जाड काचेमागून पाहिलाय आणि तेवढ्यानेही छातीत धस्स होतं.

अमेरिकेलाही हे चुकलं नाही. एफ-१५ विमान १९७२ मध्ये उडालं ते प्रॅट अँड व्हिटनीच्या एफ-१०० इंजिनावर. कागदावर अप्रतिम इंजिन. पण आफ्टरबर्नर नीट पेटला नाही, की तिथे साचलेलं इंधन गाभ्यातून (कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन मिळून होतो तो) येणाऱ्या गरम झोताने एकदम भडकायचं. त्या धक्क्याची दाबलहर बायपासच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या हवेच्या, वाटेने उलटी पुढे जायची, पंखा अडखळायचा, त्यामागोमाग कॉम्प्रेसर. मग इंजिनाचे फेरे उतरत जायचे आणि तापमान चढत जायचं; पायलटने ते बंद करून हवेतच पुन्हा सुरू करायचं. आता सांग, हा दोष कोणाचा? आफ्टरबर्नरवाल्यांचा? पंखेवाल्यांचा? प्रत्येकाचा भाग आपापल्या रिगवर, म्हणजे सुट्या भागाच्या चाचणी-मांडणीवर, पास झालेला होता. इलाज हळूहळू सापडले, डिजिटल नियंत्रण आलं, इंजिन सुधारलं. पण तोवर अमेरिकी वायुदल इतकं वैतागलं होतं की त्यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-११० ला समोर उभं केलं आणि १९८४ पासून दोन कंपन्यांत ऑर्डरी वाटल्या. त्यांच्या नौदलाच्या एफ-१४ ने तर टीएफ-३० इंजिनाचे स्टॉल (आतला हवेचा प्रवाह अडखळणं) वर्षानुवर्षं सोसले.

त्यांच्यात आणि आपल्यात फरक पडला तो इंजिन बिघडल्यावर. बिघडलेलं इंजिन उघडून, भाग बदलून पुन्हा बेडवर, म्हणजे चाचणीच्या चौथऱ्यावर, चढवायला त्यांना किती वेळ लागायचा आणि आपल्याला किती लागतो, माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे.

ती फेरी कशी असते ते जरा खोलात सांगतो, कारण याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. नवीन इंजिन बेडवर येतं तेव्हा त्याच्या अंगभर शेकडो तारा असतात. फिरत्या पात्यांवर स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवलेले असतात आणि त्यांचे संकेत स्लिप रिंगमधून किंवा बिनतारी टेलिमेट्रीने बाहेर काढायचे असतात. गरम भागातले गेज फार जगत नाहीत. जेवढा वेळ जगतात तेवढ्यात हवं ते मोजून घ्यायचं. समजा कमाल फेऱ्यांच्या ९२ टक्क्यांवर तिसऱ्या टप्प्याची पाती थरथरायला लागली. तुमच्या पुस्तकातला कॅम्पबेल आलेख (फेऱ्यांसमोर कंपनांच्या वारंवारता मांडणारा) काढायचा, कुठल्या स्थिर पात्यांच्या संख्येमुळे ही वारंवारता जुळतेय ते शोधायचं, मग एकतर पात्याची जाडी बदलायची किंवा पुढच्या स्थिर पात्यांची संख्या. तापमान बघायचं तर खास रंग लावतात, जो तापला की कायमचा बदलतो. पण त्यासाठी इंजिन एकाच कमाल स्थितीत काही मिनिटंच चालवायचं, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या खुणा एकमेकींवर चढतात. म्हणजे अख्खं इंजिन जोडायचं, काही मिनिटं पळवायचं, पुन्हा पूर्ण उघडायचं आणि पात्यापात्यावरचे रंग वाचत बसायचं. जोडणीला जे आठवडे गेले ते त्या काही मिनिटांसाठी.

त्यात हवेचा हिशेब वेगळाच. थ्रस्टचे, म्हणजे इंजिनाच्या जोराचे, आकडे प्रमाण दिवसाचे लिहितात: १५ अंश, समुद्रसपाटीचा दाब, कोरडी हवा. मुंबईत जुलैच्या दुपारी त्यातलं फक्त समुद्रसपाटी तेवढं खरं असतं. तापमानाची आणि आर्द्रतेची दुरुस्ती लावल्याशिवाय आमच्याकडे कुठलाही आकडा सहीला जात नसे. पण लढाऊ विमान दुरुस्ती लावलेल्या हवेत उडत नाही. जूनमधल्या जोधपूरला हवा विरळ, आणि त्याच इंजिनाचा जोर खरोखरच कमी. आपल्याला युरोपातल्या कुठल्या थंड तळाचं इंजिन चालत नाही, हे कावेरीच्या आखणीत पहिल्यापासून धरलेलं होतं आणि ते योग्यच होतं.

आता कावेरी. बंगळुरूच्या जीटीआरईला (डीआरडीओच्या इंजिन-प्रयोगशाळेला) प्रकल्प मिळाला १९८९ मध्ये, पहिलं पूर्ण इंजिन चाललं १९९६ मध्ये. अपेक्षा होती आफ्टरबर्नरसह ८१ किलोन्यूटन. मिळाले सत्तरच्या आसपास. वजन ११०० किलोच्या आत हवं होतं, कॅगने नोंदवलं १२३५. रशियातल्या उंचीवरच्या चाचणीत २००४ मध्ये अपयश आलं, २००८ मध्ये तेजसपासून तिला वेगळं केलं, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये रशियातच आयएल-७६ विमानाला लावून ती हवेत चालली. तेजस जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ वर उडत राहिलं.

हे सगळे सांगतात. मला बोचतो तो दुसरा आकडा. सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे नऊ पूर्ण इंजिनं, चार गाभे, आणि एकूण चाचणी ३,२१७ तास. फक्त १९९६ ते २०१० एवढीच वर्षं धर. उदार हाताने हिशेब केला तरी वर्षाला सव्वादोनशे-अडीचशे तास भरतात. दिवसाला एक तासही नाही. ज्याने टेस्ट सेल चालवलाय त्याला यातून कळायचं ते कळतं. बेड रिकामा होता. सुट्या भागांची, फोर्जिंगची, दुरुस्त डिझाइनच्या पात्यांची, परवानगीची वाट बघत बेड रिकामा होता. नऊ इंजिनांत एक बिघडलं की तुमचा नववा हिस्सा ताफा उभा. मग कुठलाही शहाणा माणूस इंजिन जपून चालवणार, आणि जपून चालवलेलं चाचणीचं इंजिन काही शिकवत नाही.

शिवाय उंचीवरची हवा. पंधरा किलोमीटरवरची विरळ, थंड हवा जमिनीवर तयार करून तिच्यात इंजिन चालवणारी सोय आपल्याकडे नव्हती. ती प्रचंड गोष्ट असते: हवा ओढून काढायची, थंड करायची, आवाजाच्या वेगाच्या वर इंजिनाच्या तोंडाशी द्यायची, आणि मागचा जळका झोत सतत उपसायचा. वीज एखाद्या गावाएवढी. अमेरिकेने टेनेसीत १९५० च्या दशकापासून असं केंद्र चालवलंय, आणि त्याची सुरुवात म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कारखान्यातून युद्धानंतर उचलून आणलेल्या यंत्रसामग्रीवर झाली. फ्रेंचांचं साक्लेला आहे, रशियनांचं मॉस्कोजवळ लिटकारिनोला. आपलं इंजिन पेटीत भरून तिकडे जायचं, त्यांच्या वेळापत्रकात बसायचं, तिथे काही बिघडलं तर परत पेटीत भरून बंगळुरूला. एका फेरीला किती महिने लागत असतील याची कल्पना कर.

दुसरी चूक नियोजनाची, आणि ती त्या अभियंत्यांची नव्हे. नवं विमान आणि नवं इंजिन एकमेकांच्या गळ्यात बांधू नये, हा धडा आपल्याकडे १९६० च्या दशकातच मिळाला होता. जर्मन अभियंता कुर्ट टँकने आपल्यासाठी आखलेलं मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये बंगळुरूत उडालं. ज्या जोरदार ऑर्फियस इंजिनासाठी ते आखलं ते इंग्लंडने पुढे नेलंच नाही, आणि विकासाचा खर्च उचलायची आपली तयारी नव्हती. मग आफ्टरबर्नर नसलेल्या ऑर्फियसवर ते जन्मभर उडालं. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेली सुंदर चौकट आणि आत अशक्त इंजिन. इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयत्न करून झाला. फ्रेंचांनी काय केलं बघ: राफालचं पहिलं प्रात्यक्षिक विमान १९८६ मध्ये उडालं ते दोन अमेरिकी एफ-४०४ इंजिनांवर, म्हणजे पुढे तेजसने घेतलं त्याच घराण्यातल्या. त्यांचं स्वतःचं एम-८८ त्याच विमानाच्या एका बाजूला बसून १९९० मध्ये उडालं. दुसऱ्या बाजूला सिद्ध झालेलं इंजिन, त्यामुळे नवं बंद पडलं तरी विमान घरी येणार. युरोफायटरची पहिली विमानंही जुन्या आरबी-१९९ वर उडाली. आपल्याकडेही तेजस एफ-४०४ वर उडवलं ते बरोबरच होतं; पण कावेरीची परीक्षा मात्र कायम तेजसच्या तारखेवर घेतली गेली. तारीख हुकली की नापास.

आता लहान कारखान्यांचं थोडं, कारण मुंबईतल्या मुलाने हे ऐकायलाच हवं. ठाण्यात वागळे इस्टेटला एका ओळखीच्या मालकाकडे निकेल मिश्रधातूच्या पातळ भिंतीच्या रिंगा आल्या होत्या, विकसित होत असलेल्या एका इंजिनासाठी. मशिनवर मोजल्या की काट्याला काटा गोल. पकड सैल केली की अंडाकृती. धातूच्या पोटात ताण बसलेले असतात, बाहेरचा थर निघाला की ते आपला आकार शोधतात. मग आधी जाड कापायचं, भट्टीत ताण उतरवायचा, बाजू उलटवत हलके काप घ्यायचे, पकड दर वेळी वेगळ्या जागी. पहिल्या रिंगा भंगारात गेल्या, मग जमल्या, आणि जमल्या तेव्हा काम संपलं, कारण मागणीच मोजक्या नगांची होती. "साहेब, हात बसला आणि ऑर्डर संपली," तो म्हणाला. पुढची मागणी आली ती वर्षाहून जास्त काळाने, निविदेतून, आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्या दुसऱ्याच कारखान्याला गेली. त्यांनी पुन्हा पहिल्या रिंगेपासून भंगार करायला सुरुवात केली. टेबलं-खुर्च्या घ्यायच्या नियमांनी विकसित होत असलेल्या इंजिनाचे भाग घेतले की हे होणारच. मला याचा राग येतो आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

अलीकडे थोडं बदलतंय. आफ्टरबर्नर काढलेली कावेरी, साधारण ४९ किलोन्यूटनची, मानवरहित विमानासाठी पुढे नेताहेत, आणि तिचे मॉड्यूल बनवायचं काम २०२२ मध्ये विक्रोळीच्या गोदरेजला मिळालं. एकाच कारखान्याने एकसारखी मॉड्यूल लागोपाठ केली की हात बसतो आणि टिकतो. मला या बातमीत थ्रस्टच्या आकड्यापेक्षा तेच महत्त्वाचं वाटलं.

तुझा तिसरा प्रश्न, थेट अ‍ॅडॅप्टिव्ह इंजिनाकडे उडी. कल्पना समजून घे. नेहमीच्या लढाऊ इंजिनात हवेच्या दोन वाटा असतात: गाभ्यातून आणि त्याच्याभोवती बायपासने. झटापटीत बायपास कमी लागतो, लांब गस्तीवर जास्त; पण एकदा आखलं की प्रमाण ठरून जातं. अ‍ॅडॅप्टिव्ह इंजिनात तिसरी वाट असते, जी उघडता-मिटता येते. सावकाश उडताना उघडली की इंधन वाचतं, शिवाय त्या थंड हवेत रडार आणि इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता सोडता येते. आजच्या विमानांना हा दुसरा फायदा कदाचित पहिल्यापेक्षा जास्त हवा आहे.

पण इतिहास बघ. जनरल इलेक्ट्रिकचं वायएफ-१२० हे बदलत्या सायकलचं, म्हणजे याच कल्पनेचं आधीचं, इंजिन १९९० मध्येच उडालं आणि १९९१ मध्ये साध्या, कमी जोखमीच्या एफ-११९ समोर हरलं. मग २००७ पासून अमेरिकेने एकामागून एक संशोधन कार्यक्रम चालवले, तेव्हा कुठे एक्सए-१०० हे इंजिन २०२० च्या अखेरीस बेडवर आलं. लक्ष्य होतं २५ टक्के इंधनबचत आणि १० टक्के जास्त जोर. आणि इतकं करून २०२३ मध्ये अमेरिकी वायुदलाने ठरवलं की एफ-३५ ला हे बसवायचं नाही, आहे त्याच एफ-१३५ चा गाभा सुधारायचा. ते ज्ञान आता पुढच्या विमानाच्या इंजिनात जातंय. तीस वर्षं, जगातली सर्वांत मोठी चाचणी-यंत्रणा, तीन पिढ्यांचे अभियंते, आणि तरीही ते जपून पावलं टाकतात.

तेव्हा नाही, मधली पायरी गाळता येणार नाही. तिसऱ्या वाटेची झडप तू करशील. पण ती उघडल्यावर पंख्याला धक्का बसणार की नाही हे सांगायला आधी स्वतःचा पंखा, स्वतःचा गाभा आणि त्यांचे हजारो तासांचे आलेख हाताशी लागतात. जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४१४ भारतात बनवण्याचा २०२३ चा सामंजस्य करार आपल्याला उत्पादनाचं शिस्तबद्ध काम शिकवेल, डिझाइन नाही. फ्रेंच सफ्राँबरोबर १२० किलोन्यूटनचं इंजिन विकसित करण्याची २०२५ मधली घोषणा मला जास्त महत्त्वाची वाटते, पण एका अटीवर: गाभ्याची तोडफोड आपल्या हातून आणि आपल्या जमिनीवर झाली पाहिजे. मला कोणी विचारलं (विचारणार नाही म्हणा) तर पहिला पैसा मी उंचीच्या टेस्ट सेलवर घालीन, दुसरा जास्तीच्या गाभ्यांवर. बारा-पंधरा गाभे एका वेळी हाताशी असले तर त्यातले चार मुद्दाम फोडता येतात. अ‍ॅडॅप्टिव्हचा अभ्यास छोट्या रिगवर, छोट्या गटाने खुशाल चालू ठेवावा. त्याला कुठल्याही विमानाची तारीख बांधू नये.

आणि तू काय शिकावंस? डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर सगळे बसलेलेच आहेत. तू कंपनशास्त्र नीट कर, स्ट्रेन गेज स्वतःच्या हाताने चिकटव, त्याचा गोंगाट आणि खरा संकेत वेगळा ओळखायला शीक. पवईला आयआयटीत डीआरडीओचं प्रोपल्शन केंद्र आहे, तिथल्या रिगवर उन्हाळ्यात काम मिळतंय का विचार. नाही मिळालं तर रबाळे किंवा अंबरनाथला एखाद्या एनडीटी (भाग न तोडता तपासणाऱ्या) प्रयोगशाळेत दोन महिने काढ आणि भेगा कशा दिसतात ते बघ. बोअरोस्कोप (इंजिन न उघडता आत बघायची बारीक नळी) हातात मिळाला तर सोडू नकोस. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रांहून कमी असेल, घरी हे आधीच सांगून ठेव.